बदली शिपाई

मागच्या रविवारी आमच्या अभ्यास मंडळात भांडण झालं. विषय होता दुसरं महायुद्ध आणि आपली पलटण. इंजिनियरिंगला असलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "पगार इंग्रजाचा, हुकूम इंग्रजाचा. याले भाडोत्री म्हणतात. यात छाती फुगवण्यासारखं काय आहे?" दुसऱ्या एका पोराच्या घरात तीन पिढ्या महार रेजिमेंटमध्ये गेल्या. तो ताडकन उभा राहिला. शब्दानं शब्द वाढला. मी मध्ये पडलो, दोघांना बसवलं, चहा मागवला. पण रात्री सायकल हाणत पाळीवर जाताना ध्यानात आलं की मी फक्त भांडण मिटवलं. उत्तर माझ्याजवळही नव्हतं.

म्हणून हे लिहितो आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, कविता करतो, रात्रपाळी सुटली की वाचनालयात जाऊन बसतो. तिथं महायुद्धावर पुस्तकं आहेत पुष्कळ. सगळी सेनापतींची. रोमेल, मॉन्टगोमेरी, झुकोव्ह, मॅकआर्थर. नकाशावर बाण काढलेले असतात, काळे बाण इकडून, पांढरे बाण तिकडून. बाणाच्या आत कोण चालत होतं ते लिहिलेलं नसतं. चुकून लिहिलं तर पंजाबी, गुरखा, पठाण. आपलं नाव शोधावं तर तळटीप.

आता दार कसं बंद झालं ते आधी सांगतो. कोरेगाव तुम्हाला पाठ आहे, १ जानेवारी १८१८, त्यावर शाई घालवत नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत आपली माणसं होती, सुभेदार होती, पेन्शन घेत होती. पलटणीत शाळा होती आणि शिपायाच्या पोराला शिकणं भाग होतं. रामजी सकपाळ त्या पलटणीच्या शाळेत शिकवत. म्हणजे ज्या काळी गावात आपल्या पोराला ओट्यावर बसू देत नव्हते, त्या काळी छावणीत त्याच्या हातात पाटी होती. बाबासाहेब महूच्या छावणीत जन्मले १८९१ ला. आणि १८९२-९३ मध्ये सरकारनं महारांची भरती थांबवली.

का थांबवली? सरसेनापती होते लॉर्ड रॉबर्ट्स. त्यांच्या काळात एक शास्त्र निघालं. काही जाती म्हणे लढाऊ, काही बिनलढाऊ. लढाऊ कोण तर वायव्येकडचे. माणसाच्या रक्तात शौर्य आहे की नाही ते त्याच्या जातीवरून ठरवायचं. मनूनं जे दोन हजार वर्षांपूर्वी केलं ते इंग्रजानं टोपी घालून केलं. त्यात दुसरीही भानगड होती. अस्पृश्य माणूस सुभेदार झाला की स्पृश्य शिपायानं त्याला सलाम ठोकायचा. ते कोणाला पचणार?

आपली माणसं गप्प बसली नाहीत. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त शिपाई, यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून विनंतीपत्र लिहिलं. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १५८८ महारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला आणि १९१० मध्ये थेट विलायतेला भारतमंत्र्याकडे दुसरा. अर्जावर अर्ज. उत्तर नाही.

उत्तर आलं ते जर्मनाच्या तोफेतून. पहिलं महायुद्ध लागलं, मेसोपोटेमियात १९१६ साली कुतला टाऊनशेंडची अख्खी फौज शरण गेली, माणसं कमी पडायला लागली. तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी झाली. एकाएकी रक्तात शौर्य आलं. युद्ध संपलं, १९२० ला पलटण दुसरीत मिसळली, १९२१ ला मोडून टाकली. शौर्य गेलं.

इथे मला माझे आजोबा आठवतात. ते नागपुरातल्या एका गिरणीत पहिली काही वर्षं बदली कामगार होते. आता आमच्याकडे कंत्राटी म्हणतात, तेव्हा बदली. भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कायमचा माणूस आजारी पडला, लग्नाला गेला, मेला, तर मुकादम बोट दाखवणार, "चल, तू ये." तो परत आला की तू घरी. काम तेच, साचा तोच, घाम तोच, पण यादीत नाव नाही. १११ वी पलटण वाचताना मी वहीत लिहिलं: बदली शिपाई. वलंगकरबाबा, कांबळे ही फाटकाशी उभी राहिलेली माणसं. १९१७ ला मुकादमानं बोट दाखवलं. १९२१ ला फाटक बंद.

बाबासाहेबांनी हे फाटक नीट पाहिलं होतं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचं निवेदन गेलं, त्यात लष्कर आणि पोलीस भरतीची मागणी आहे. डिसेंबर १९४० मध्ये त्यांचं पाकिस्तानवरचं पुस्तक आलं. आपल्यातले बरेच जण ते फाळणीचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवतात. त्यातलं लष्करावरचं प्रकरण वाचा. फौजेत कुठल्या भागातले किती, कोणत्या साली किती, असे तक्ते मांडून ते दाखवतात की लढाऊ-बिनलढाऊ हे शास्त्रबिस्त्र काही नाही. १८५७ च्या बंडात पंजाबनं इंग्रजाला साथ दिली, त्याचं हे बक्षीस. वलंगकर आणि कांबळे म्हणत होते, आम्हीही लढाऊ, आमचा इतिहास पहा. बाबासाहेब म्हणतात, ही वर्गवारीच खोटी. दोन्ही बोलण्यांत फरक आहे. आपण आजही पुष्कळदा पहिलंच बोलतो. छाती ठोकून सांगतो की आमचं रक्त लढाऊ. म्हणजे रॉबर्ट्सच्या शाळेत नाव घालतो.

१९३९ ला हिंदी फौज होती दोन लाखाच्या आसपास. १९४५ ला पंचवीस लाख. ही माणसं काही आभाळातून पडली नाहीत. जुन्या "लढाऊ" जिल्ह्यांतला माणूस संपत आला, आणि सरकारला पुन्हा आपण आठवलो. १ ऑक्टोबर १९४१, बेळगाव. लेफ्टनंट कर्नल जॅक्सनच्या हाताखाली महार रेजिमेंटची पहिली बटालियन. दुसरी बटालियन उभी झाली ती आपल्या कामठीला, लेफ्टनंट कर्नल किरवानच्या हाताखाली. इंदोऱ्यापासून सायकलनं तासाभरात पोचतो आपण. तिसरी १९४२ मध्ये नौशेऱ्याला.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं खरं होणार नाही. माझी आजी लहानपणापासून सांगत आली, "माहा सासरा पलटणीत मशीनगन चालवे, बाबू. साहेबबी त्याले मानत." तो ब्रह्मदेशात गेला होता, जळवांच्या आणि पावसाच्या गोष्टी सांगायचा, आणि पाऊस आला की त्याला ताप भरायचा. मी त्याच्यावर एक कविताही केली, मशीनगनवर. ती एका मेळाव्यात वाचली, टाळ्या पडल्या. रविवारच्या भांडणानंतर मी आजीची काळी लोखंडी पेटी उघडली. खाली, लग्नाच्या लुगड्याखाली, घडीवर फाटलेला एक इंग्रजी कागद. फौजेतून सोडल्याचा. साल १९४६. त्यावर महार रेजिमेंट नाही. त्यावर आहे पायोनियर.

पायोनियर म्हणजे फावडं, घमेलं, कुदळ. रस्ता करायचा, पूल बांधायचा, विमानाची धावपट्टी सपाट करायची, पेट्या वाहायच्या. पणजोबा मशीनगनवर नव्हता. तो रस्त्यावर होता.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. वाटलं, इथेही आपल्याला मजुरीच. दोन दिवस कागद खिशात ठेवून फिरलो. मग ब्रह्मदेशच्या मोहिमेचं पुन्हा वाचायला घेतलं, यावेळी बाण सोडून रस्ते पाहायला लागलो.

ती मोहीम अशी. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. इंग्रजी फौज मे महिन्यापर्यंत डोंगर तुडवत मणिपुरात परत आली. ती मागे आणणारा सेनापती विल्यम स्लिम. हा माणूस उमरावाचा पोर नव्हता. बर्मिंगहॅमच्या साध्या घरातला, लोखंडी नळ्यांच्या कंपनीत कारकून, त्याआधी गरिबांच्या शाळेत मास्तर. १९४३ मध्ये चौदावी आर्मी त्याच्याकडे आली. त्यानं हिशेब केला तर एका जखमी माणसामागे एकशेवीस आजारी पडून मागे जात होते. मलेरिया, हगवण. जपानी गोळीपेक्षा डास मोठा शत्रू. मग गोळ्या घेतल्या की नाही हे अचानक तपासायचं, न घेणाऱ्या पलटणीच्या साहेबाला काढून टाकायचं. पुढच्या फळीला अर्धं रेशन असेल तर मुख्यालयालाही अर्धं. आणि एक हुकूम असा की जंगलात लढणारा आणि न लढणारा असा भेद नाही, प्रत्येक तुकडीनं आपलं रक्षण आपण करायचं. स्वयंपाकी, भिस्ती, भंगी, हमाल यांना फौजेनं शंभर वर्षं "न लढणारे" म्हणून वेगळ्या वहीत ठेवलं होतं. जंगलानं ती वही फाडली.

समोर जपान्यांचा मुतागुची. त्याचा डाव धाडसी होता. मार्च १९४४ मध्ये चिंदविन नदी ओलांडायची, तीन आठवड्यांचं रेशन घ्यायचं, सोबत गुरं हाकायची, आणि इंफाळ घेऊन तिथल्या इंग्रजी गोदामांवर फौज पोसायची. नकाशावर फार सुंदर डाव. पण तो पोटावर विसंबून होता, आणि पोट गोदामावर, आणि गोदाम अजून शत्रूच्या हातात. गुरं वाटेतच मेली. मार्चअखेर इंफाळचा रस्ता तुटला, एप्रिलमध्ये कोहिमाला वेढा पडला, डेप्युटी कमिशनरच्या टेनिसच्या मैदानावर दोन्हीकडची माणसं काही वारांच्या अंतरावर मेली. पण इंफाळ पडलं नाही, कारण विमानानं तांदूळ, दारूगोळा, औषधं येत होती. कोहिमासमोरचा जपानी सेनापती सातो, त्याच्या माणसांना खायला उरलं नाही तेव्हा वरचा हुकूम मोडून मागे फिरला. २२ जूनला इंफाळचा रस्ता मोकळा झाला.

विमानातून माल टाकायला छत्र्या लागतात. रेशमाच्या छत्र्या युरोपातल्या आघाडीला जात होत्या, इकडे मिळेनात. मग स्लिमच्या माणसांनी कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांना विचारलं, आणि तागाच्या छत्र्या तयार झाल्या. किंमत नेहमीच्या छत्रीच्या विसाव्या हिश्शाएवढी. मी सूत काढणारा माणूस. हे वाचलं तेव्हा पाळीवर सगळ्यांना सांगत सुटलो. इंफाळ वाचलं त्यात तागाच्या गिरणीतल्या पाळ्या आहेत. दिमापूरच्या रस्त्यात आसामच्या चहामळ्यांतले मजूर आहेत, छोटा नागपूरकडून नेलेल्या आदिवासींची पोरं. आणि पायोनियर आहेत. स्लिमनं १९४५ ला जो मोठा डाव टाकला, म्हणजे उत्तरेला खोटं मुख्यालय बोलतं ठेवायचं आणि एक अख्खं कोअर दक्षिणेनं गुपचूप इरावतीपार करून मेइकटिला घ्यायचं, तोही रस्त्याचाच डाव होता. जंगलातली ती वाट कोणीतरी गाड्या जाण्याजोगी केली. मार्चमध्ये मेइकटिला पडलं, मे च्या सुरुवातीला रंगून. त्या वाटेवर माझा पणजोबा होता असं मी म्हणणार नाही. कागदावर जागा लिहिलेली नाही. ज्या वाटेवर असेल ती वाट त्यानं खणली एवढं नक्की.

रेजिमेंटबद्दलही सरळ बोलू या. महार बटालियन्सच्या नावावर त्या युद्धात कोहिमासारखी मोठी लढाई नाही. पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर होत्या. कामठीची दुसरी आधी देशात बंदोबस्ताला, मग ब्रह्मदेशात. हानी थोडी. गोष्टी फुगवून सांगणाऱ्या आपल्या वक्त्यांना हे आवडणार नाही. न आवडो. इंग्रजानं आपल्याला रांगेत घेतलं तरी पहिल्या रांगेत विश्वासानं उभं केलं नाही, हे लपवून कोणाचं भलं?

इंजिनियरिंगवाल्या पोराचा प्रश्न अजून उभाच आहे. इंफाळच्या त्या बाजूला आझाद हिंद फौज होती. त्यांना तोच मलेरिया, त्याच जळवा, तीच उपासमार. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण बाबासाहेबांनी इंग्रजाच्या युद्धाला हात का दिला? त्यांनी १९४२ मध्ये आकाशवाणीवरून कामगारांसाठी भाषण केलं, हिंदी कामगार हे युद्ध जिंकायचं का ठरवतो आहे या विषयावर. मुद्दा साधा होता. नाझी ज्या वंशश्रेष्ठत्वावर उभे आहेत ते जिंकलं तर कामगाराला आणि दलिताला पुढे काही उरणार नाही. इंग्रज जाणारच आहे, पण तो गेल्यावर हातात काय असेल त्याची तयारी युद्ध चालू असतानाच करायची. ज्याला जन्मापासून वंशाच्या आणि जातीच्या शिडीखाली ठेवलं, त्याला हिटलर कोण आहे हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आणि तारखा पहा. जुलै १९४१, बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर. ऑक्टोबरात रेजिमेंट. १९४२ च्या वसंतात क्रिप्स आले आणि अस्पृश्यांच्या ओंजळीत काही न टाकता गेले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री. आणि त्याच महिन्यात, १८ ते २० जुलैला, आपल्या नागपुरात, मोहन पार्कात परिषद. अध्यक्ष एन. शिवराज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथं जन्मलं. सोबत समता सैनिक दलाची परिषद, आणि सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली बायकांची. जपानी ब्रह्मदेशात, ऑगस्टचं आंदोलन तीन आठवड्यांवर, आणि त्या फटीत आपण देशभरचा पक्ष उभा करतो. मुतागुचीनं गोदाम मिळेल या आशेवर फौज पुढे रेटली. बाबासाहेबांनी आधी गोदाम बांधलं. पलटण, पक्ष, आणि कायदे करायची खुर्ची.

त्या खुर्चीवरून काय झालं ते गिरणीतल्या माणसाला जास्त कळतं. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद १९४२ मध्ये सुरू झाली. आणि १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीनं आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. माझी आठ तासांची पाळी तिथून येते. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी साचेखात्यात आपल्याला घेत नसत, कारण धोट्याचं सूत तोंडानं ओढावं लागे. तिथून इथवर.

पण एक गोष्ट लिहायचीच. बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरवायला बंदी होती. १९४३ मध्ये, युद्धासाठी कोळसा कमी पडला म्हणून, ती बंदी उठवली गेली. आपल्या मध्य प्रांतातल्या खाणींतही. मजूरमंत्री बाबासाहेबच होते. असेंब्लीत १९४४ ला जोरदार टीका झाली, त्यांनी आणीबाणीची गरज म्हणून बाजू मांडली, पुरुषाइतकीच मजुरी द्यायची असं धरलं, आणि १९४६ ला बंदी परत आली. तरी तीन वर्षं त्या बायका उतरल्या. मला ते टोचतं. बाबासाहेबांचं नाव घेताना हे पान चिकटवून टाकावं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं ते पान एकदा उघडून बसावं. युद्ध तुमच्याही हातून अशी सही करून घेतं.

आता शेवटचा धागा, दार बंद का झालं नाही. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी झाली. ब्रह्मदेशात लढली. १९४६ ला मोडली. तीच जुनी तऱ्हा, युद्ध संपलं, बदली घरी. महार रेजिमेंटही तशीच जायची होती असं धरायला हरकत नाही, १९२१ ला तेच झालं होतं. पण ऑक्टोबर १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि केंद्र आलं कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आडव्यातिडव्या. (स्तंभ नंतर गेला, तिथं कट्यार आली. केंद्र पुढे सागरला गेलं.) व्हिकर्स म्हणजे पाण्यानं थंड ठेवायची गन, कॅनव्हासच्या पट्ट्यात अडीचशे गोळ्या, तासन् तास चालणारी. ती चालवायला एकटा माणूस पुरत नाही, जोडीनं शिकलेली टोळी लागते, अडकली तर तिथल्या तिथे सोडवता यायला हवी. आमच्या खात्यातही बदलीला सहज काढतात, पण ज्याला मशीनची खोड कळते त्या फिटरला काढताना मालक दोनदा विचार करतो. दार उघडं राहिलं त्यात बाबासाहेबांचं वजन होतं आणि त्या मशीनचंही होतं, असं माझं मत. पुढच्या वर्षी फाळणी झाली तेव्हा याच बटालियन्स पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला उभ्या होत्या.

भाडोत्री माणूस पगार घेतो आणि जातो. आपले लोक पगार घेऊन आत राहण्यासाठी भांडत होते, १८९४ पासून. रविवारी मी त्या पोराला एवढंच म्हणणार आहे. तो आणखी काही विचारील. विचारू दे.

मशीनगनची कविता मी फाडली नाही, पण आता वाचणार नाही. आजीला अजून कागदाचं सांगितलं नाही. ती कागद हातात घेऊन बसली होती, वाचता येत नाही तिला, म्हणाली, "काय लिहलं हाय?" मी म्हटलं, "ब्रह्मदेशात होता असं लिहिलंय." ती म्हणाली, "हो न. मी सांगतच होती."

मित्रहो, तुमच्याही घरात अशी पेटी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी उघडा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, बिल्ला, फोटो, जे असेल ते घेऊन रविवारी अभ्यास मंडळात या. इंग्रजी वाचता येत नसेल तरी आणा, इंजिनियरिंगवाला पोरगा वाचून देईल, मी त्याला सांगून ठेवलं आहे. मूळ कागद कोणाजवळ ठेवू नका, नक्कल काढून परत घरी न्या.